पिसांचे गळ

दुष्काळ सरून आसेगावचं तळं भरलं होतं. दुपारी देवमनने आपल्या डोंग्यातून, त्या छोट्या होडीतूनच, ओले गळ लेकीच्या हाती दिले. दुर्गाने ते वाळक्या दुधीत खोचून काठावरच्या सावलीत ठेवले. उन्हात गळांना मासे भुलवायला बांधलेली कोंबड्याची पिसं करपत. बायांनी डोंग्यात चढायचं नाही, ही घरची रीत.

"तू सासरी गेली का माहे गळ गंजलेच समज," देवमन हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही.

तेरवीनंतर शेषरावकाका डोंगा न्यायला आला. "तू कायले ठेवतं पोरी? तुले थोडाच चालवाचा हाये?"

दुर्गा डोंग्यात चढून बसली.

"चालवाचाच हाये, काका. बापालेबी कधी म्हनलं नाही, पन लहानपनापासून मले तळ्याच्या मधात जाचं होतं. द्या धक्का."