रोबो येईपर्यंत

"हातानेच कर की ऑपरेशन. मला ताईला भेटायचंय," आई गुडघा चोळत म्हणाली. तिची थोरली बहीण मिरजेत तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती.

"थोडं थांब. रोबो आला की स्कॅनवरून हाड तंतोतंत कापता येईल. तुझ्या पायात मला केसाचाही फरक नकोय," मृण्मयी म्हणाली. ती हाडांची डॉक्टर होती.

रोबो यायला वर्ष लागलं. तोवर मावशी गेली. तिला खाली आणलं, तेव्हाच जिन्याशी थांबलेल्या आईला तिचं तोंड दिसलं.

ऑपरेशन उत्तम झालं. दोन महिन्यांनी आई दवाखान्याचा अख्खा जिना न थांबता चढून आली.

"अजिबात दुखत नाही गं. छान केलंस," मृण्मयीच्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली.

मृण्मयीला तिच्याकडे बघवेना.