तपासायला कोण येणार?

वायरमन स्वतःच्याच घराचं वायरिंग करत होता आणि तिथेही नियम सोडायला तयार नव्हता. बटणापासून वायर सरळ वर न्यायची, मगच काटकोनात दिव्याकडे वळवायची. "अहो, तिरकी न्या की! अर्ध्या वेळात उरकेल," बायको करवादली. "आपल्याच घरात तपासायला कोण येणार आहे?" "खिळा येईल," म्हणत तो पुन्हा भिंत खोदू लागला. गिलावा झाला, रंग झाला, भिंतीवर दिवा लागला. राहायला आल्या दिवशी सासूबाईंनी कुणालाही न विचारता हातोडी उचलली आणि बटण नि दिवा यांच्या मधोमध घड्याळासाठी बोटभर खिळा ठोकायला घेतला. बायकोने दचकून नवऱ्याकडे पाहिलं. वायरमन चहा पीत राहिला. खिळा निमूट आत गेला. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. सासूबाईंनी घड्याळ टांगलं. "जरा तिरकं लागलं का गं?" "लागू द्या, आई! वायर सरळ आहे!"