धूळ मोजणारं यंत्र

चिप बनवायला शिकवणाऱ्या त्या निर्धूळ खोलीत सुयोग सिलिकॉनच्या चकतीवर वाकला आणि धूळ मोजणारं यंत्र तिसऱ्यांदा वाजलं. बाकी सगळ्यांच्या वेळी ते गप्प होतं.

"बाहेर ये," कुडाळकर मॅडम म्हणाल्या. "आता वाजलं तर या बॅचमधून तू गेलास."

त्याने पांढरा झगा बदलला, हातमोजे बदलले, तोंड धुतलं. आईचं तेरावं उरकून तो कालच परतला होता, डोक्यावर धड केससुद्धा नव्हते. तरी वाकलं की यंत्र वाजायचं, सरळ झालं की थांबायचं. त्याच्या अंगावर काटा आला. तो वहीवर वाकला की आईही अशीच गालाजवळ डोकं आणून बघायची.

"आहेस का गं?" मास्कच्या आत तो पुटपुटला. यंत्र वाजलं.

बॅचमधून काढण्याआधी एकदा शेवटचं तपासावं म्हणून मॅडमनी त्याला दाराशी नेलं. झग्याबाहेर उरला होता तो फक्त चष्मा. काचा लख्ख होत्या. मग त्यांनी काडीच्या बिजागरीत ओलं फडकं फिरवलं. त्यावर राखाडी रेघ उमटली.

"ही कसली धूळ रे?"

सुयोगला अस्थी वेचतानाचा तो भलताच सुटलेला वारा आठवला.

"आई आहे, मॅडम."

फडकं कचऱ्यात न टाकता मॅडमनी घडी घालून त्याच्या हातात ठेवलं.

तो पुन्हा चकतीवर वाकला.

"शून्य!" कुणीतरी ओरडलं. काचेपलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुयोग तसाच वाकून राहिला, यंत्र वाजायची वाट बघत.