सदतीस ओरखडे

शाळेत शिकवून आल्यावर, स्वयंपाक उरकून, मी आठ महिने अंतराळ-चित्रपटातल्या एका योद्ध्याचं चिलखत फोमच्या शीटमधून बनवत होते. पडद्यावरचं दृश्य थांबवून, पट्टीनं मोजून त्याचे सदतीस ओरखडे जागच्या जागी उतरवले. उद्या पुण्याच्या वेशभूषा स्पर्धेत परीक्षक तेच ताडून बघणार होते.

आज शाळा सुटल्यावर वसमतला घरी परतले, तर अंगणात चिलखत वाळत होतं आणि सासूबाई ब्रश पुसत बसल्या होत्या.

"समदे ओरखडे पुट्टीनं बुजवले बघ, पुनम. वरून गेटचा चंदेरी रंग दोन हात दिला. एवढ्या लोकांत असं खरचटलेलं घालून काहून जायचं?"



आठ महिन्यांत घरातल्या कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या कामाला हात लावला होता, म्हणून मी म्हणाले, "छान झालंय, आई."