टाकीखालचा हात

तिच्या जुन्या फटफटीच्या टाकीखाली शेजारच्या परचुरेकाकांचा हात होता. पेट्रोलचा कॉक रोज सकाळी फिरवलेला का असतो, ते तिला आता कळलं.

"अगं, हा कॉक..."

"काढा हात. पेट्रोल काय बाटलीत भरून नेता?"

तिने गाडीवर कव्हर घालून कुलूप लावलं. पेट्रोल उलट भराभर संपू लागलं. म्हाताऱ्याने दुसरी किल्ली करून घेतली असणार.

रविवारी ती पहिल्यांदाच स्वतः ऑइल बदलायला बसली. ऑइल पाण्यासारखं पातळ निघालं, त्याला पेट्रोलचा वास येत होता. तिने भावाला फोन लावला.

"गाडी उभी करताना कॉक बंद करतेस ना? नाहीतर पेट्रोल इंजिनात उतरतं."

कुलपाची किल्ली घेऊन ती काकांच्या दारात गेली.

"इंजिन वाचलं का?" काकांनी विचारलं.