डाव्या अंगाला

"माह्या कानाले काय धाड भरली? ठणठणीत हायेत," असं नथ्थू म्हणेपर्यंत समीक्षाने त्याला हेडफोन चढवलासुद्धा.

शिरपूरचा आठवडी बाजार ऐन भरात होता. वाशीमच्या कॉलेजातल्या समीक्षा आणि सुचिता सरांच्या संशोधनासाठी आल्या होत्या. गलक्यात माणसाला बोलणं कितपत कळतं, ते तपासायचं. हेडफोनमध्ये वाक्य येणार, ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणायचं. एवढं सोपं काम, पण सकाळपासून कोणी सरळ करील तर शपथ! 'कांदे कसे दिले?' हे वाक्य ऐकून रामकिसन कांदेवाल्याने भाव सांगितला, वर पिशवी आणली का, असंही विचारलं.

नथ्थूचं दुकान मेथीचं आणि सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. उजव्या हातात तराजू, डाव्या अंगाला बायको गोजराबाई जुड्या बांधत बसलेली. लग्न झाल्यापासून तिची जागा तीच. उजवीकडे बसलं की तराजू डोक्याला लागतो.

गोजराबाईने सुचिताला हळूच जवळ ओढलं.

"पोरी, एक खरं सांगशील? दोन वर्सं झाले, हे माह्यासंग धड बोलत नाहीत. धा डाव बोला, तवा एकदा हूं. यायले आयकू येत नाही, का माहा कटाळा आला?"

विचारलं तिने हसूनच, पण हातातली जुडी काही बांधली जाईना.

आधी उजवा कान. नथ्थूने वाक्यं खणखणीत आवाजात म्हटली.

"दहापैकी नऊ, काका!" समीक्षा म्हणाली.

नथ्थू मिशीत हसला. गोजराबाईचं तोंड मात्र एवढंसं झालं. म्हणजे ऐकू येतं तर! तिने मान खाली घातली आणि उगाच मेथीची पिवळी पानं निवडत बसली.

मग डावा कान. नथ्थू गप्प. समीक्षाने आवाज वाढवला. आणखी वाढवला.

"चालू कर ना वं पोरी," नथ्थू म्हणाला.

"चालूच आहे, काका."

तिने हेडफोन काढला, त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि सांगितलं, या कानाने काहीच ऐकू येत नाही, दवाखान्यात दाखवा. बिचारा नथ्थू ओशाळला. डावा कान चोळत बायकोकडे बघत राहिला.

"अन् मी तं समजलो, हिनंच बोलणं सोडलं."

"अवं माय! हे तं बहिरे हायेत!" गोजराबाई एवढ्या आनंदाने ओरडली की पलीकडचा रामकिसन तोलायचं थांबला. पदराने डोळे पुसत ती उठली, टोपली उचलली आणि नवऱ्याच्या उजवीकडे जाऊन बसली.

"अवं, तिथं तराजू लागंन डोक्याले."

"लागू द्या," गोजराबाई म्हणाली, आणि दोन वर्षांचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.