साबणाचं पाणी

"पुण्यात स्वतःच्या हातानं गीझर बसवलेत मी, इथल्या बॉयलरच्या दुरुस्तीला कशाला माणूस हवा?" म्हणत बाबांनी शनिवारी घर गरम ठेवणाऱ्या गॅस-बॉयलरच्या कपाटात डोकं घातलं. बाहेर उभी राहून शाल्मली फोनवरच्या सूचना त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होती. शेवटची सूचना होती, पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावून गॅस गळत नाही ना, ते बघा. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा, हॅनाचा मेसेज आला, 'ट्राम पाच मिनिटांत!' शाल्मलीनं ती ओळ गाळली. "झालं, बाबा!" म्हणाली आणि जॅकेट उचलून पळाली.

रविवारी सकाळी आई देवापुढे निरांजन लावायला काडी ओढणार, तोच तिला गॅसचा वास आला. काडी तशीच हातात राहिली.

तासाभरात गॅस कंपनीचा माणूस आला. त्यानं आधी गॅस बंद केला. मग लायसन्स नसताना पाइपला हात लावला म्हणून बाबांना चांगलंच फैलावर घेतलं आणि विचारलं, "निदान जोड तरी तपासलात का?"

शाल्मली पुढे झाली. "बाबा, ते मीच..."

"तू गप्प बस गं, बापाला किती सांभाळून घेशील?" बाबा म्हणाले आणि आईकडे वळले. "पोरगी एक ओळ सोडायची नाही. तिनं वाचलंच असणार. मलाच हल्ली कमी ऐकू येतं."

पुढच्याच आठवड्यात बाबा कान तपासून घ्यायला गेले. सोबतीला त्यांनी शाल्मलीला नेलं.